न वापरण्यासाठी घेतलेली चादर

मराठी मध्यमवर्गीय घरात वस्तूंचे दोन प्रकार असतात. रोज वापरायच्या आणि पाहुणे आले की काढायच्या. पहिल्यात टवका उडालेले कप येतात. दुसऱ्यात शोकेसमधला सोनेरी काठाचा टी-सेट येतो, ज्याने आजवर काही व्याही आणि एक जावई एवढेच जग पाहिलेले असते. पण पैसे मोजून वस्तू आणायची आणि तिचा उपयोग कधीच होऊ नये म्हणून देवाला हात जोडायचे, हा तिसरा प्रकार या घराच्या हिशेबात बसत नाही. विमा एजंटांनी पिढ्यान्‌पिढ्या घसा कोरडा केला, तेव्हा कुठे लोक विमा घेऊ लागले, तेही त्याला बचत समजून. फायर ब्लँकेटला तर तेवढाही आधार नाही. मुदत संपल्यावर त्यातून बोनस मिळत नाही.

त्यामुळे ते घरात येते तेव्हाचा संवाद जवळजवळ ठरलेला असतो. बाहेरगावी नोकरी करणारी लेक दिवाळीच्या आधी ते ऑनलाइन मागवते. लाल पाकीट डायनिंग टेबलावर येते आणि घरची मंडळी भोवती जमतात.

"हे काय, पांघरायचं आहे का?" आजी विचारतात.

"अगं आजी, आग लागली की वापरायचं."

"दिवाळीच्या तोंडावर असं अभद्र बोलू नये गं."

वडील तोवर पाकीट उलटून किंमत शोधत असतात. "एवढ्यात सोलापूरच्या दोन चादरी आल्या असत्या. रोज अंगावर तरी घेतल्या असत्या."

"मग टाका सोलापुरी चादर पेटलेल्या कढईवर आणि बघा," स्वयंपाकघरातून आवाज येतो. "चकल्या मला तळायच्या आहेत, तुम्हाला नाही."

शेवटी सर्वमान्य तोडगा निघतो. नवी वस्तू आहे, तेलकट हात लागून खराब होईल, म्हणून ती मूळ वेष्टनासकट माळ्यावर जाते. आता आग लागली की आधी स्टूल आणायचे, वर चढायचे, गणपतीच्या मखराची खोकी, बंद पडलेला मिक्सर आणि कुणाच्या तरी मुंजीतली तांब्याची भांडी बाजूला सारायची आणि आगीला विनवायचे की बाई, जरा दम धर, पाकिटाला चिकटपट्टी आहे.

वस्तू तशी अगदी साधी. काचेच्या बारीक धाग्यांचे घट्ट विणलेले कापड, कधी त्यावर सिलिकॉनचा लेप, आणि एका बाजूला ओढायला दोन पट्ट्या. पट्ट्या पाकिटाच्या खालून बाहेर लोंबत असतात. त्या खाली खेचल्या की घडी आपोआप उलगडते. यात बॅटरी नाही, बटण नाही, ॲप नाही, सर्व्हिसिंगचे वार्षिक कंत्राट नाही. मराठी माणसाचा तिच्यावर पटकन विश्वास बसत नाही, त्याचे हेही एक कारण असावे.

कामही साधेच. आगीला जळाऊ पदार्थ, उष्णता आणि ऑक्सिजन असे तिघे लागतात. तिघांतला एक उठून गेला की मैफल बंद. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. तो १५-१६ टक्क्यांच्या खाली उतरला की बहुतेक ज्वाळांना तग धरता येत नाही. ब्लँकेट नेमके हेच करते. पेटलेल्या वस्तूवर बसते आणि हवेचा पुरवठा तोडते. ते उष्णता मात्र पळवत नाही, आणि इथेच पुढच्या निम्म्या गमती-जमती आणि बहुतेक अपघात घडतात.

न जळणाऱ्या कापडाचे अप्रूप दोन हजार वर्षांचे आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी मेजवानीतल्या अशा रुमालांबद्दल लिहितो, जे मळले की आगीत टाकत आणि स्वच्छ होऊन बाहेर येत. धोब्याचा खर्च वाचवण्याची ही युक्ती ॲस्बेस्टॉसची होती. पुढे युरोपात असा समज पसरला की हे कापड सॅलमँडर नावाच्या आगीत राहणाऱ्या प्राण्यापासून होते. तेराव्या शतकात मार्को पोलोने पूर्वेकडून परतल्यावर सांगितले की कसला प्राणी अन् कसले काय, हा डोंगरातून खणून काढायचा खनिज पदार्थ आहे. विसाव्या शतकात प्रयोगशाळा, कारखाने आणि स्वयंपाकघरांत ॲस्बेस्टॉसचीच ब्लँकेटे टांगलेली असत. मग त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन काय करतात ते कळले आणि जागा काचेच्या धाग्याने घेतली. कुणाच्या जुन्या कारखान्यात किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत करड्या रंगाचे, जाडेभरडे पुरातन ब्लँकेट अजून खुंटीवर असेल, तर ते झटकून धूळ काढण्याचा स्वच्छताप्रेमी मोह आवरलेला बरा.

या गोष्टीत सोलापुरी चादरीचा काहीच दोष नाही. ती सुती आहे, तिला भौगोलिक मानांकन आहे, थंडीत तिच्याइतकी इमानी सोबत नाही. पण मानांकन आगीला वाचता येत नाही. कोरडी सुती चादर पेटत्या तेलावर टाकणे म्हणजे आगीला आणखी एक घास देणे.

घोंगडीची गोष्ट वेगळी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याच्या खळीने कडक केलेली खरी घोंगडी धनगरांनी ऊन, पाऊस आणि थंडी अशा तिन्ही कामांना वापरली. आगीशीही तिचे वैर नाही, पण मैत्रीही नाही. लोकर पेटती राहायला हवेत असतो त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन मागते. ठिणगी पडली की ती काळी पडते, फुगते, केस जळल्यासारखा वास सोडते आणि ज्वाळा बाजूला केली की बहुधा आपोआप विझते. म्हणूनच अंगावरचे कपडे पेटलेल्या माणसाला गुंडाळायला लोकरीचे जाड कांबळे ही जुनी आणि शहाणी सवय. फक्त ती घोंगडी नक्की लोकरीचीच हवी. जत्रेतून हौसेने आणलेल्या घोंगडीचा एक धागा काढून घराबाहेर, चिमट्यात धरून जाळून पाहिला तर तिचे खरे कूळ कळते. लोकरीची राख चुरगळते. कृत्रिम धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो. हा मणी त्वचेवर चिकटला तर काय होईल, याची कल्पना करायला शिक्षण लागत नाही.

आता खरेदी. ऑनलाइन बाजारात फायर ब्लँकेट काही शे रुपयांपासून दोन-अडीच हजारांपर्यंत मिळते आणि सगळ्यांच्या फोटोत एक हसरी बाई पेटलेला तवा झाकत असते. फोटोतली बाई पेटलेल्या तव्यासमोर हसते, एवढ्यावरूनच जाहिरात किती विश्वासार्ह ते समजावे. त्याऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, माप. एक मीटर बाय एक मीटर हे घरगुती कढई-तव्याला पुरते. माणसाला गुंडाळायचा विचार असेल तर १.२ बाय १.८ मीटर हवे. टेबलावरच्या रुमालाएवढे ब्लँकेट घेऊन पैसे वाचवणारा गृहस्थ मनगटे भाजून घेतो. दुसरी, मानक. ईएन १८६९ हे युरोपीय मानक खास फायर ब्लँकेटसाठी आहे. पाकिटावर ते छापलेले असावे आणि कोणत्या आगीसाठी आहे हेही लिहिलेले असावे. 'सर्व प्रकारच्या आगीवर रामबाण' असे लिहिलेले पाकीट तिथेच ठेवून द्यावे, कारण रामबाण औषध विकणारे लोक कुठल्याही बाजारात सारखेच असतात. तिसरी, पट्ट्या. पाकीट भिंतीला टांगून एका झटक्यात कापड बाहेर आले पाहिजे. त्यासाठी नखांनी सोलावे लागत असेल, तर ते ब्लँकेट नसून कोडे आहे.

आणि जागा. हा भाग गृहिणींना लगेच पटतो, गृहस्थांना समजावून सांगावा लागतो. ब्लँकेट शेगडीच्या वर टांगायचे नाही. तिथे पोचायला ज्वाळेवरून हात न्यावा लागतो. ओट्यापासून चार पावलांवर, स्वयंपाकघराच्या दाराजवळ, छातीच्या उंचीवर खुंटी ठोकावी. दाराजवळ म्हणजे घ्यायलाही सोपे आणि पळायलाही. कॅलेंडर, पंचांग आणि किल्ल्यांचा जुडगा यांच्याशी स्पर्धा करून जागा मिळवावी लागेल, पण मिळते.

वापराचे शास्त्र छोटे आहे. कढई पेटली की आधी गॅस बंद. ज्वाळेवरून नेल्याशिवाय हात बटणापर्यंत पोचत नसेल, तर सिलिंडरकडचा रेग्युलेटर बंद. मग पट्ट्या खेचून कापड उलगडायचे, वरच्या दोन कडा मुठींवर दुमडून घ्यायच्या म्हणजे हात कापडाआड जातात. कापड ढालीसारखे समोर धरून, आपल्या बाजूने पलीकडे असे हळूच भांड्यावर उतरवायचे. फेकायचे नाही. क्रिकेटमध्ये ज्यांचा थ्रो चांगला होता, त्यांनी विशेष संयम ठेवावा, कारण हवेत भिरकावलेले कापड वारा घालते आणि तेल शिंपडते. कडा नीट बसल्या की बाजूला व्हायचे.

यानंतर काहीही करायचे नसते, आणि हीच सगळ्यात अवघड पायरी. मराठी घरात झाकलेल्या भांड्याचे झाकण न उचलता कुणी दहा मिनिटे थांबल्याचे उदाहरण दुर्मिळ आहे. खिचडी शिजली का, दही लागले का, पुरण घट्ट झाले का, प्रत्येक प्रश्नाला झाकण उचलणे हेच उत्तर. पेटलेल्या तेलाच्या बाबतीत ही सवय महागात पडते. तळणाचे तेल १७०-१९० अंशांवर असते. ते धूर सोडत पुढे तापत जाऊन साधारण साडेतीनशे अंशांच्या पुढे ठिणगीशिवायही स्वतःहून पेटू शकते. ब्लँकेटखाली ज्वाळा विझली तरी तेल तेवढेच तापलेले असते. कोपरा उचलला, ताजी हवा आत गेली, की आग पुन्हा हजर. म्हणून गॅस बंद ठेवून कमीत कमी पंधरा मिनिटे, शक्यतो भांडे पूर्ण गार होईपर्यंत कुणी हात लावू नये. शेजारच्या काकू बघायला आल्या, तरी त्यांना चहा देऊन बसवावे. कापड उचलून दाखवू नये. आणि एकदा वापरलेले ब्लँकेट धुऊन, वाळवून, घडी करून परत टांगायचे नसते. ते फेकायचे असते. या वाक्यावर काही घरांमध्ये दीर्घ शांतता पसरते.

पाण्याबद्दल बोलायलाच हवे, कारण आग म्हटली की हात आपोआप बादलीकडे जातो. तेलाच्या आगीवर पाणी घातले की ते तेलापेक्षा जड म्हणून तळाशी जाते, तिथे क्षणात वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ साधारण १७०० लिटर जागा मागते. ती जागा कढईत नसते, म्हणून वाफ पेटलेल्या तेलाला घेऊन छताकडे निघते. ब्रिटनमध्ये बटाट्याचे चिप्स तळायच्या खोल भांड्यांनी वर्षानुवर्षे घरे जाळली, आणि तिथले अग्निशमन दल हा आगीचा गोळा लोकांना मुद्दाम करून दाखवत आले. एकदा पाहिलेला माणूस आयुष्यभर बादली विसरतो.

पण ब्लँकेटवरही आंधळा विश्वास नको. नेदरलँड्समध्ये साधारण दहा वर्षांपूर्वी बाजारातल्या ब्लँकेटांची पेटत्या तेलावर चाचणी झाली, तेव्हा त्यांतली पुष्कळ नापास झाली. तेलाची तापलेली वाफ विणीतून वर झिरपली आणि कापडाच्या वरच्या बाजूला पेटली. तेव्हापासून तिथे सांगतात की कढई पेटली तर बसेल असे झाकणच घाला, ब्लँकेट इतर छोट्या आगींसाठी ठेवा. यात आपल्याला लाजण्यासारखे काही नाही, उलट आपण फार पुढे आहोत. मराठी स्वयंपाकघरात प्रत्येक कढईला झाकण नसले, तरी परात नक्की असते. तळायला बसताना धातूचे झाकण किंवा परात हाताशी ठेवणे, हा फुकटचा विमा. झाकण वरून आपटायचे नाही, बाजूने सरकवत न्यायचे. ब्लँकेटची पाळी तेव्हा येते, जेव्हा भांडे वेडेवाकडे असते, टोस्टरमध्ये पाव जळतो, कचऱ्याच्या डब्यात कुणी न विझलेली अगरबत्ती टाकते किंवा निरांजनाची ज्योत देवघराच्या पडद्याला शिवते. टोस्टर, मिक्सर अशा विजेच्या वस्तूंचा मुख्य स्विच आधी बंद करावा.

काही आगींसमोर ब्लँकेटने आणि ब्लँकेट धरणाऱ्यानेही नम्रपणे मागे सरावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. सिलिंडरच्या तोंडाशी पेटलेला गॅस नुसता विझवला आणि गळती चालूच राहिली, तर खोली हळूहळू स्फोटासाठी तयार होते. रेग्युलेटर सुरक्षितपणे बंद होत नसेल, तर घर रिकामे करून बाहेरून फोन करावा. इलेक्ट्रिक स्कूटरची लिथियम बॅटरी पेटली, तर तीही घरगुती कापडाच्या आवाक्यातली नाही. तिच्या आतल्या रासायनिक क्रियेतूनच उष्णता आणि ज्वालाग्राही वायू निघत राहतात. ते कापडाखाली साचले तर भडका उडू शकतो. जिन्याखाली रात्रभर स्कूटर चार्जिंगला लावणाऱ्या तरुणाला हे सांगितले की तो मोबाइलमध्ये पाहत "हो काका" म्हणतो. काकांनी ते 'हो' पुरेसे समजू नये.

माणूस पेटला तर मात्र ब्लँकेट सोन्याचे. त्याला धावू देऊ नये, खाली आडवे करावे, मानेखालून ब्लँकेट गुंडाळावे, चेहरा मोकळा ठेवावा आणि लोळवावे. ज्वाळा विझली की भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे गार पाणी वाहते ठेवावे. हळद, टूथपेस्ट, शाई, मध यांच्याबद्दल ज्यांची मते ठाम आहेत, त्यांना रुग्णवाहिका बोलावण्याचे काम द्यावे.

सोसायट्यांमध्ये या सगळ्याचे शिक्षण देण्याची सोय आहे, कागदावर उत्तम. त्यामागचा कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६. त्यानुसार ज्या इमारतींना तो लागू आहे, तिथली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'फॉर्म बी' म्हणतात, दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. जानेवारी-जुलै आला की सेक्रेटरींना जिन्यातली लाल नळकांडी आठवतात आणि त्यांवर वाळत घातलेले टॉवेल निघतात. त्यानंतर कधीतरी प्रात्यक्षिकाचे आमंत्रण फलकावर लागते. रविवारी सकाळी दहाला, सर्व सभासदांनी अवश्य उपस्थित राहावे. उपस्थित राहतात ते दोन वॉचमन, तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त सभासद, ज्यांना पावती बघायची असते, आणि सायकलवरची चार मुले. प्रशिक्षक पावडरचे नळकांडे फवारतो आणि मुले टाळ्या वाजवतात. पावडर कागद, लाकूड, कापड यांना चांगली. पण पेटलेल्या कढईत जोराने मारली, तर तेल उडवू शकते आणि स्वयंपाकघर महिनाभर पांढरे राहते. हे सांगेपर्यंत निवृत्त सभासद जीएसटीचा मुद्दा काढतात आणि कार्यक्रम तिथे संपतो.

प्रात्यक्षिके बहुधा १४ ते २० एप्रिलच्या अग्निशमन सेवा सप्ताहात ठेवतात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' या मालवाहू जहाजावर आग लागली. जहाजात कापसाचे गठ्ठे होते आणि सुमारे १४०० टन स्फोटके होती. दुपारी धूर दिसला, पाणी मारले जात राहिले, आणि चारच्या सुमारास जहाजाचा स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. सप्ताह त्यांच्या स्मरणाचा आहे. त्या जहाजाला कुठल्याच ब्लँकेटने वाचवले नसते. पण धूर दिसल्यापासून स्फोटापर्यंतचा वेळ किती लवकर संपतो, हे त्या दिवसाने मुंबईला शिकवले. स्वयंपाकघरात हा वेळ तासांत नाही, सेकंदांत मोजायचा असतो.

तेव्हा वाचकांनी एवढे करावे. माळ्यावरचे पाकीट खाली काढावे, चिकटपट्टी फाडावी, घरातल्या प्रत्येकाला, आजींनाही, पट्ट्या कुठल्या आणि गॅस कुठून बंद होतो ते एकदा दाखवावे, आणि ते ओट्यापासून दूर, दाराजवळ टांगावे. नसेल तर परात हाताशी ठेवून या महिन्यात घ्यावे. आग पहिल्या अर्ध्या मिनिटात आवरली नाही, तर ब्लँकेट तिथेच टाकून दार ओढून घ्यावे, सगळ्यांना बाहेर काढावे आणि १०१ किंवा ११२ लावावा. गॅसगळतीसाठी १९०६ हा वेगळा क्रमांक आहे. तो फ्रिजवर चिकटवून ठेवावा, दूधवाल्याच्या हिशेबाच्या वर.